मार्गदर्शक यंत्र गाडीत कोठे बसवावे?

(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात आपण बियाणे, खते, फवारणी याविषयी ऐकावयास येता. आजचा माझा विषय ऐकून काही जणांना नवल वाटेल. पण सभामंडपाबाहेर नजर टाका. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा मेळाव्याला लोक एसटीने आणि बैलगाडीने येत. आज बाहेर मोटारसायकलींची रांग आहे, त्यामागे पिकअप, जीप आणि मोटारी उभ्या आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते फळ झाडावर डोळा पडला की फार थांबत नाही, म्हणून क्रेट भरून रात्रीतून पुणे किंवा वाशी गाठावी लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारेही आपल्यात आहेत. अनोळखी मुलूख, रात्रीची वेळ, आणि वाट दाखविण्यासाठी समोर लावलेला मोबाईल किंवा जीपीएस यंत्र. हे यंत्र गाडीत नेमके कोठे लावावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

यंत्र घेताना आपण चौकशी करतो. ते लावताना मात्र कोणीही विचार करीत नाही. जेथे रबरी वाटी चिकटली तेथे ते बसते. मीही असेच केले होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे हाताच्या पंजाएवढे एक जीपीएस यंत्र होते. २००० नंतरच्या दशकात अशी सुटी यंत्रे आपल्या बाजारात आली. मोबाईलमध्येच ही सोय झाल्यावर ती मागे पडली, तरी काहींच्या गाडीत अजून दिसतात. मी ते पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात, हाताशी राहील असे लावले होते. केज तालुक्यातील एका गावाहून कार्यक्रम आटोपून मी परत निघालो होतो. गावरस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तेथे गाडी सावकाश केली, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, पुन्हा उजवीकडे पाहिले आणि गाडी पुढे घेतली. त्याच क्षणी उजव्या बाजूने एक मोटारसायकल अगदी बॉनेटपाशी आली. मी ब्रेक दाबला, त्याने हँडल वळविले आणि तो खडीवर घसरला. दोन्ही बाजूंच्या दुधाच्या कॅन पडल्या. सकाळचे सगळे दूध रस्त्यावर गेले. सुदैवाने त्याच्या गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

तो उठला आणि म्हणाला, "साहेब, डोळे कुठं होते तुमचे?"

मी उजवीकडे दोनदा पाहिले होते, तरी तो मला दिसला नव्हता. दुधाचे पैसे दिले, माफी मागितली. घरी आल्यावर गाडीत जाऊन बसलो आणि डोळ्यांच्या पातळीवरून त्या कोपऱ्याकडे पाहिले. काचेच्या कडेचा खांब आणि त्याला लागून माझे यंत्र, दोन्ही मिळून चांगली वीतभर रुंदीची भिंतच तयार झाली होती. तो दूधवाला त्या भिंतीमागे होता.

आता यामागचा हिशोब पाहू. शेताच्या मोजणीत आपण जे करतो तेच हे त्रैराशिक आहे. समजा, डोळ्यापासून दोन फुटांवर, म्हणजे ६० सें.मी. अंतरावर, १२ सें.मी. रुंदीचे यंत्र आहे. एक डोळा मिटून पाहिले तर ३० मीटरवरील ६ मीटर रुंदीचा भाग त्यामागे झाकला जातो. आपल्याला दोन डोळे आहेत, त्यामुळे काही भाग दुसऱ्या डोळ्याला दिसतो. दोन डोळ्यांतील अंतर सुमारे साडेसहा सें.मी. धरले तर दोन्ही डोळ्यांना न दिसणारा भाग तरीही सुमारे पावणेतीन मीटर राहतो. मोटारसायकल दोन मीटर लांबीची असते. म्हणजे ती कॅनसकट, स्वारासकट पूर्ण झाकली जाऊ शकते. शेजारचा खांब यात धरलेलाच नाही.

कोणी म्हणेल, मोटारसायकल काही जागेवर थांबत नाही, एका क्षणात यंत्राच्या आडून बाहेर येईलच. नेहमी तसे होत नाही. दोन वाहने दोन रस्त्यांनी एकाच फाट्याकडे निघाली आणि दोन्ही एकाच वेळी तेथे पोहोचणार असली, तर एकमेकांकडे पाहण्याची दिशा जवळजवळ बदलतच नाही. माझी गाडी पुढे सरकते, तोही पुढे सरकतो, आणि तो त्याच खांबाआड राहतो. ज्याची धडक होणार नसते तो आडून बाहेर पडून दिसतो. ज्याची होणार असते तोच शेवटपर्यंत लपलेला राहतो. ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. आपण डावीकडून वाहन चालवितो, त्यामुळे फाट्यावर उजवीकडून येणारे वाहन आपल्याला सर्वांत जवळच्या पट्ट्यातून येते. म्हणून उजवा कोपरा मोकळा पाहिजे. घाटातही उजवे वळण घेताना समोरून येणारे वाहन याच कोपऱ्यातून दिसावयाचे असते. धारूरच्या घाटातून ज्यांचे नेहमीचे जाणे-येणे आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको.

मग यंत्र कोठे लावावे? माझ्या मते डॅशबोर्डच्या मध्यभागी, खाली. किती खाली, याचेही माप सोपे आहे. चालकाच्या जागेवर नेहमीसारखे टेकून बसावे. बॉनेटची पुढची कड जेथे दिसते, त्या रेषेच्या वर यंत्राची वरची कड येता कामा नये. असे केल्यास यंत्राने झाकले तर फक्त बॉनेट झाकले जाते, रस्त्याचा एक हातही झाकला जात नाही. आणि ते फार खालीही नसावे, कारण नजर जितकी खाली जाईल तितका परत रस्त्यावर येण्यास वेळ लागतो. मान न हलविता, केवळ डोळे फिरवून दिसले पाहिजे.

मोबाईल लावताना तो उभा लावावा. पुष्कळ जण चित्रपट पाहिल्याप्रमाणे आडवा लावतात. आडवा मोबाईल सुमारे १६ सें.मी. रुंद होतो. वरच्याच हिशोबाने तो ३० मीटरवर दोन्ही डोळ्यांपासून पावणेपाच मीटरहून अधिक भाग लपवितो. तोच उभा केला की रुंदी साडेसात सें.मी. राहते आणि लपणारा भाग अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. मोबाईल तोच, होल्डर तोच, फक्त फिरवावयाचा. शिवाय उभ्या पडद्यावर पुढचा रस्ता जास्त लांबवर दिसतो, आणि आपल्याला पुढचाच रस्ता पाहावयाचा असतो.

एसीच्या जाळीला अडकविण्याचे क्लिप मिळते. त्याची उंची बहुधा बरोबर येते, आणि उन्हाळ्यात थंड हवा मोबाईलला लागते हा आपल्या भागात मोठाच फायदा आहे. पण या जाळ्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांच्या असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर जड मोबाईल हादरून पट्टी तुटते आणि मोबाईल चालकाच्या पायाशी पडतो. मध्यभागी बसणारे, मागून टेकू असलेले क्लिप घेतल्यास ही तक्रार कमी होते.

पुढच्या काचेच्या मध्यभागी, आरशाखाली लोंबकळत ठेवलेले यंत्र मी अनेक गाड्यांत पाहिले आहे. ही जागा वाईट. तेथून डावीकडचा रस्ता झाकला जातो, यंत्र सतत हलते, आणि हलणारी वस्तू नजर ओढून घेते. आरशाला हार, लिंबू-मिरची, फोटो यांची आधीच गर्दी असते, हे मी येथे फक्त जाता जाता सांगतो.

स्टिअरिंगच्या मागे, वेग दाखविणाऱ्या काट्यांसमोर मोबाईल खोचून ठेवणारे असतात. त्यामुळे वेग दिसत नाही, तेलाचा आणि उष्णतेचा दिवा दिसत नाही. त्याहून गंभीर बाब एअरबॅगची आहे. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगच्या मध्यभागी असते. २०२१ सालापासून नव्या मोटारींत शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग सक्तीची झाली आहे. ती डॅशबोर्डच्या डाव्या भागात, झाकणाखाली असते. अपघात झाल्यावर ही पिशवी पापणी लवते तेवढ्याही वेळात फुगते. तिच्या वाटेत मोबाईल, होल्डर किंवा देवाची मूर्ती असेल तर ती वस्तू दगडासारखी माणसाच्या तोंडावर येते. म्हणून डॅशबोर्डवर जेथे एअरबॅग असे कोरलेले असते, त्या झाकणावर काहीही चिकटवू नये. काही नव्या मोटारींत काचेच्या कडेच्या खांबाच्या आवरणातही ती असते. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक आपण प्लॅस्टिकमधून बाहेर काढीत नाही. यासाठी तरी ते काढावे.

मांडीवर, गिअरच्या पुढच्या खोबणीत किंवा कानाशी धरून पाहणे याविषयी बोलण्याची खरे तर गरज पडू नये. ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. मान खाली घालून मांडीवरील नकाशा पाहावयास निदान दोन सेकंद लागतात. रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, ज्याला मागे दिवा नाही, तो या ३३ मीटरांत कोठेही असू शकतो. हंगामात आपल्या रस्त्यांवर असे ट्रॅक्टर किती असतात, ते आपणच सांगावे.

कायदाही हेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील सुधारणेनुसार वाहन चालविताना मोबाईलसारख्या साधनाचा उपयोग फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. हातात धरून वापरला तर ते धोकादायक वाहन चालविणे ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर पुढच्या काचेवर यंत्र कोठे चालेल याची जागाच कायद्याने मोजून दिलेली आहे. चालकापासून दूरच्या खालच्या कोपऱ्यात सात इंच चौरस, किंवा चालकाजवळच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंच चौरस, आणि दोन्ही ठिकाणी एअरबॅगच्या वाटेबाहेर. त्यांनाही खालचाच भाग योग्य वाटला. चालकाजवळचा कोपरा त्यांनी लहान का होईना चालू दिला. दूध सांडल्यापासून मी तो देत नाही.

पुष्कळांना वाटते की यंत्र काचेला जितके उंच चिकटवावे तितका उपग्रहाचा संदेश चांगला मिळतो. येथे थोडी शास्त्रीय माहिती सांगतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २० हजार कि.मी. उंचीवरून फिरतात. १९९५ साली ही २४ उपग्रहांची व्यवस्था पूर्ण झाली. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवलेली असे, ती नंतर काढण्यात आली. आपल्या देशानेही २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडण्यास सुरुवात केली. इतक्या दुरून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. तो पत्र्यातून येत नाही, परंतु काचेतून आणि प्लॅस्टिकमधून येतो. म्हणून डॅशबोर्डवर खाली ठेवलेल्या यंत्रालाही काचेतून पुरेसे आकाश मिळते. चार बोटे वर लावल्याने वाट अधिक अचूक दिसत नाही. काचेवर धातूचा मुलामा असलेली फिल्म लावली असेल तर मात्र अडथळा येतो. घाटात कड्यालगत संदेश दगडावर आपटून येतो, त्यामुळे आपली खूण नकाशावर रस्ता सोडून दरीत गेलेली दिसते. तेव्हा गोंधळू नये आणि यंत्र हलवीत बसू नये. कडा संपला की खूण जागेवर येते.

आणखी एक गैरसमज. डोंगरपट्ट्यात रेंज गेली की लोक म्हणतात, जीपीएस बंद पडले. उपग्रहाला रेंज लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचे चित्र उतरवून घेण्यासाठी. घरून निघताना त्या भागाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवला की बालाघाटाच्या रांगेत रेंज नसतानाही वाट दिसत राहते. गावाचे नाव घालताना तालुका आणि जिल्हा अवश्य घालावा. पिंपळनेर आपल्या बीड तालुक्यात आहे आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातही आहे. हे सर्व काम गाडी उभी असताना करावे. चालत्या गाडीत पत्ता घालावयाचा झाल्यास ते काम शेजारी बसलेल्याने करावे. यंत्र मध्यभागी लावण्याचा हाही एक लाभ आहे की शेजाऱ्याचा हात तेथे पोहोचतो.

आपल्याकडील उन्हाविषयी सांगितलेच पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवू देत नाही. काही मोबाईल कंपन्या आपला फोन ३५ अंश सें. तापमानापर्यंत वापरावा असे स्पष्ट लिहितात, आणि आपली दुपार ४० च्या पुढे जाते. उन्हात काचेला चिकटलेला, चार्जिंगला लावलेला आणि नकाशा दाखविणारा मोबाईल लवकर तापतो. मग तो पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो किंवा बंदच होतो, आणि तेही नेमक्या अनोळखी फाट्यावर. गाडी उभी करताना मोबाईल बरोबर न्यावा. सुटे यंत्र असल्यास खणात ठेवावे आणि काचेवरील वाटीचा गोल वळ पुसून टाकावा. शहरात चोराला तो वळ पुरतो.

रबरी वाटी सुटून पडण्याची तक्रार बहुतेकांची असते. काच आधी ओल्या कापडाने, नंतर कोरड्या कापडाने पुसावी. धुळीवर वाटी बसत नाही. वाटीला ओलसर बोट फिरवून दाबावी. डॅशबोर्डला चमक आणणारे तेलकट पॉलिश लावले असेल तर त्यावर कोणतीही वाटी किंवा चिकटपट्टी टिकणार नाही. चार्जरची वायर गिअरवरून किंवा पायाजवळून लोंबू देऊ नये, ती डॅशबोर्डच्या कडेने चिकटपट्टीने बसवावी. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची बॅटरी असते. तेथे १२ व्होल्टचा चार्जर लावू नये, दोन्हीला चालणारा घ्यावा.

रात्रीच्या प्रवासात पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवावा आणि रात्रीचा काळा नकाशा लावावा. विहिरीत उतरताना डोळे अंधाराला सरावण्यास वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रखर पडद्याकडे पाहून पुन्हा काळ्या रस्त्याकडे पाहिले की तेच होते. शक्यतो आवाज सुरू ठेवावा. सूचना मराठीतही मिळतात. पाभर धरणारा माणूस फणाकडे पाहत चालत नाही, त्याची नजर समोरच्या बांधावर असते आणि दाणे पडल्याचे तो हाताने व कानाने ओळखतो. नकाशाचेही तसेच करावे. ऐकावा जास्त, पाहावा कमी.

यंत्र चांगल्या जागी लावले तरी ते चुकते, हेही ध्यानात ठेवावे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी नकाशा पाहत निघालेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीच्या अपूर्ण पुलावरून मोटार खाली पडून तीन जण दगावले. नकाशाला पाणी दिसत नाही, तुटलेला पूल दिसत नाही. ते काचेतून दिसते, म्हणून काच मोकळी हवी. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारण्यात कमीपणा नाही. मांजरसुंब्याला चारी दिशांचे लोक थांबतात, तेथे कोणत्या रस्त्याचे काम निघाले आहे ते यंत्राआधी कळते.

ट्रॅक्टरवर मात्र मी मोबाईल लावण्यास सांगणार नाही. इंजिनच्या आवाजात सूचना ऐकू येत नाही, उन्हात पडदा दिसत नाही आणि हादरे फार बसतात. मोटारसायकलच्या हँडलला थेट लावलेल्या फोनचा कॅमेरा मोठ्या इंजिनच्या हादऱ्यांनी बिघडू शकतो, असे ॲपल कंपनीने २०२१ साली स्वतःच जाहीर केले आहे. ट्रॅक्टरचे हादरे आपण जाणता. दोन्ही कानांत इअरफोन घालून ट्रॅक्टर चालविणारी मुले मी पाहिली आहेत. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा त्यांना ऐकू येत नाही. ऊसतोडीला जाताना वाट पाहावयाची असल्यास ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा करावा, मोबाईल खिशातून काढावा, पुढची दोन-तीन वळणे पाठ करावीत आणि तो परत खिशात ठेवावा.

आता प्रात्यक्षिक. मंडपाबाहेर एक पिकअप उभी करून ठेवली आहे. तिच्यात मोबाईल आधी उजव्या कोपऱ्यात आडवा लावू, नंतर मध्यभागी खाली उभा लावू. गाडीपासून बारा-तेरा पावलांवर रेघ मारली आहे. एकाने हातात बादली घेऊन त्या रेघेवरून उजवीकडून डावीकडे सावकाश चालावयाचे, आणि आपण एकेकाने चालकाच्या जागेवर बसून, डोके न हलविता, तो कोठे नाहीसा होतो ते पाहावयाचे. बादली घेऊन चालण्यास कोण पुढे येतो?